माहेरी दारं नव्हती का?

लिफ्ट आली नाही की माणूस बटण आणखी जोरात दाबतो. एकदा दाबून येत नाही म्हणून दहादा दाबतो, मग अंगठ्याने दाबतो, मग किल्लीने, आणि शेवटी बटणाला एक चापट मारतो. मीरा रोड-भाईंदरच्या इमारतींत चौतीस वर्षं मी लिफ्ट दुरुस्त केल्या. तेवढ्या काळात मी बदललेली निम्मी बटणं वापराने नाही, रागाने मेली होती.

मंडळाच्या दिवाळी अंकासाठी लिहा म्हणणाऱ्यांना वाटतंय की मी काहीतरी थरारक सांगेन. अडकलेली माणसं, तुटलेला दोर वगैरे. तसलं माझ्याकडे काही नाही. माझ्या लिफ्टमध्ये कुणाला साधं खरचटलंही नाही, हे मी छाती पुढे काढून सांगतो. पण एका बाईला मी रोज सहा मजले पायी चढायला लावलं, तेही लिफ्ट उत्तम चालू असताना. ते मनाला अजून लागून आहे, म्हणून लिहायला बसलोय.

आधी यंत्र समजून घ्या, सोपं आहे. विहिरीवरच्या कप्पीसारखंच. दोराच्या एका टोकाला तुमची पेटी, दुसऱ्या टोकाला लोखंडाचे वजनदार ठोकळे, वर चाक आणि मोटर. आपल्याकडच्या जुन्या सात मजली इमारतींत प्रत्येक मजल्यावर एक दार असतं आणि पेटीला आतून सरकती जाळी. प्रत्येक दारात एक छोटा कॉन्टॅक्ट, दार नीट लागलं तरच वीज पुढे सोडणारा. गणपतीतल्या जुन्या दिव्यांच्या माळेत एक दिवा गेला की सगळी माळ विझायची ना, तसंच हे. त्यांतलं एक दार बोटभर उघडं राहिलं तरी लिफ्ट जागची हलत नाही. हलता कामाच नये, त्यातच तुमचा जीव सुरक्षित असतो.

म्हणजे चौथ्या मजल्यावरचा कुणी दार नीट न लावता घरात गेला, की तळमजल्यावर आठ माणसं, दोन गॅस सिलिंडर आणि एक नवीन गादी ताटकळत उभी. मग सगळे वर तोंड करून ओरडणार, "अरे, लिफ्ट का दरवाजा बंद करो!" मीरा रोडला ही हाक सगळ्या प्रांतांचे लोक एका सुरात मारतात. एवढी एकी मी दुसऱ्या कुठल्या बाबतीत पाहिली नाही.

मला बोलावणं यायचं ते बहुतेक वेळा एवढ्यासाठीच. जिना चढायचा, उघडं दार शोधायचं, लावायचं. सुरुवातीला मी खरं सांगायचो आणि लोक हिरमुसायचे. "बस, इतनाही था?" आपल्या लिफ्टला एवढा किरकोळ आजार असावा हे त्यांना पटायचं नाही. मग मी शहाणा झालो. दार लावून गच्चीवरच्या मशीन रूममध्ये दहा मिनिटं बसायचो, हाताला थोडं ग्रीस लावायचो आणि खाली येऊन गंभीरपणे मान हलवायचो. सगळे खूश, वर चहा.

भाईंदरला एक निवृत्त हेडमास्तर होते, पाचव्या मजल्यावर. त्यांना खाली जायचं असलं तरी ते वरचं बटण दाबायचे आणि मग लिफ्टने सातव्यापर्यंत फिरून खाली यायचे. रोजची तक्रार. मी म्हटलं, "गुरुजी, खाली जायचंय तर खालचं बटण दाबा."

"लिफ्ट आत्ता कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

"खाली."

"तिला माझ्याकडे यायचं तर कुठे यावं लागेल?"

"वर."

"मग मी काय चुकीचं सांगितलं तिला?"

मी हत्यारं उचलली आणि खाली जायला वरचं बटण दाबलं.

आता मुख्य गोष्ट. मीरा रोडला एक सात मजली सोसायटी आहे. नाव सांगत नाही, कारण तिथे मला अजून चहा मिळतो. तिथे दारं उघडी टाकायचा रोग फारच बळावलेला. सेक्रेटरी जयेशभाई, वय साठ, अतिशय सज्जन माणूस. त्यांच्या सांगण्यावरून मी लिफ्टमध्ये बोलणारी पेटी बसवली. दार उघडलं की गोड आवाजातली एक बाई म्हणायची, "कृपया दरवाजा बंद करें." पहिला आठवडा लोकांनी ऐकलं. पुढे त्या बाईकडे लोक पंख्याच्या आवाजाइतकंही लक्ष देईनात. तिसऱ्या मजल्यावरचं एक पोर 'मम्मी' म्हणायच्या आधी 'कृपया' म्हणालं, एवढाच काय तो परिणाम.

मीटिंग झाली. कुणी म्हणालं, मराठीत बोलेल तर लोक ऐकतील. कुणी म्हणालं, मग गुजरातीने काय पाप केलंय. कुणाला इंग्रजी हवं, पाहुण्यांवर छाप पडते. शेवटी चारही भाषा घालायच्या ठरल्या. मी घातल्या. आता दार उघडलं की ती बाई भाषणच करायची, आणि पहिल्या मजल्यावरच्या एक आजी आपल्या भाषेची पाळी शेवटी आहे म्हणून तोवर दार धरून उभ्या राहायच्या. लिफ्ट पूर्वीपेक्षा जास्त अडायला लागली.

जयेशभाई हात जोडून म्हणाले, "शिगवणभाई, कुछ करो. सगळे सांगतात, पण ऐकतं कोण?"

एका माणसाचं मात्र सगळे ऐकायचे. सहाव्या मजल्यावरच्या सुलभाकाकू साळवी. परळच्या चाळीतून इकडे आलेल्या, नवरा वारलेला, मुलगा नितीन नाशिकला नोकरीला आणि शनिवार-रविवार घरी. घरात त्या आणि सून मानसी. काकू अंगाने चिमूटभर, पण त्यांनी सहाव्या मजल्यावरून लिफ्टच्या पोकळीत तोंड घालून "कुणी उघडं टाकलंय रे?" अशी एक आरोळी मारली की सातही मजल्यांवर दारं आपटल्याचे आवाज यायचे. मला वाटलं, हाच आवाज पेटीत घातला तर? स्वतःच्या डोक्यावर मी इतका खूश झालो की त्या दिवशी स्टेशनपर्यंत चालत गेलो.

दुसऱ्या दिवशी मोबाइल घेऊन काकूंकडे. त्या ठेवणीतली साडी नेसून बसलेल्या. मी म्हटलं, "काकू, आवाज घ्यायचाय, फोटो नाही." म्हणाल्या, "असू दे. बोलताना बरं वाटतं." आणि रेडिओवर बातम्या देतात तशा आवाजात सुरू झाल्या, "रहिवाशांना नम्र विनंती..." पाचदा घेतलं, पाचही वेळा नम्र. असल्या आवाजाने झुरळसुद्धा हललं नसतं.

तेवढ्यात लिफ्ट आली. मानसी ऑफिसातून आली होती. एका खांद्यावर लॅपटॉप, दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या. ती बाहेर आली आणि जाळी तशीच राहिली. काकू बसल्या जागेवरून कडाडल्या, "दार लावायला काय होतं? माहेरी दारं नव्हती का तुमच्या?"

मानसीने पिशव्या खाली ठेवल्या, मागे जाऊन जाळी लावली, दार लावलं आणि आत गेली. मी तिच्याकडे पाहिलंही नाही. मी मोबाइलकडे बघत होतो. तो चालूच राहिला होता. मला हवा तो आवाज मिळाला होता.

काय चाललं म्हणता ते! दार उघडलं की खणखणीत, "दार लावायला काय होतं? माहेरी दारं नव्हती का तुमच्या?" जयेशभाईंना या वयात कुणी माहेर विचारलं नव्हतं, ते दचकून दार लावायचे. दुसऱ्या मजल्यावर भाड्याने राहणारी चार मुलं मला विचारायला आली, "अंकल, ये माहेरी क्या होता है?" मी सांगितल्यावर तीही नीट दार लावायला लागली. कुरिअरवाले लावायला लागले. एक महिना मला एकही फोन नाही. आजूबाजूच्या सोसायट्यांनी तोच आवाज मागून घेतला. बघता बघता सात-आठ इमारतींत काकू लोकांचं माहेर काढायला लागल्या. एकदा त्या बँकेत "पासबुक भरायचंय" एवढंच म्हणाल्या, तर रांगेतल्या तिघांनी वळून दाराकडे पाहिलं आणि एकाने जाऊन ते लावलं. रिक्षावाला म्हणाला, "आप वो लिफ्टवाली मौसी ना?" काकूंनी भाव खायला सुरुवात केली. मीही खाल्ला, खोटं कशाला बोलू. दोन-एक वर्षांनी निवृत्त होणाऱ्या मिस्त्रीच्या नावावर एक शोध लागला होता.

दोन-तीन महिन्यांनी मी त्याच इमारतीत तळमजल्यावरच्या दाराचं तेल-पाणी करत होतो. अंगात पांढरा सदरा, डोक्यावर टोपी, हातात ओली पिशवी असे एक म्हातारे गृहस्थ आले. मानसीचे वडील, भाईंदरजवळच्या मुर्धा गावचे. पूर्वी मिठागरावर होते, आता थोडीफार खाडीतली मासळी. "सव्व्या माळ्याला जायचाय," म्हणाले. मी दार उघडून दिलं.

"दार लावायला काय होतं? माहेरी दारं नव्हती का तुमच्या?"

म्हातारा उंबऱ्यावरच थांबला. छताकडे बघितलं, मग माझ्याकडे. "आमच्या विहीणबाईंचा आवाज हाय ना हा?"

मी हसत हसत म्हटलं, "हो. सगळ्या मीरा रोडला फेमस झाल्यात."

"कोनाला बोलतान त्या?"

महिनेच्या महिने ते वाक्य मी ऐकत होतो, पण ते कुणाला बोललं गेलं होतं हे त्या क्षणी पहिल्यांदा माझ्या डोक्यात शिरलं. माझी नजर वर सहाव्या मजल्याकडे गेली, त्यावरून त्यांना समजलं.

"दार हाय आमच्या घराला," ते सावकाश म्हणाले. कुणाला, मला की लिफ्टला, कळलं नाही. "लावत न्हाय कोन. शेजारीपाजारी येतान-जातान, कशाला लावाचा?" मग पिशवी माझ्या हातात दिली. "कोलंबी हाय. पोरीला द्या. म्या न्हाय येत वरती." आणि निघून गेले.

लिफ्टमध्ये पाय ठेवायची मला लाज वाटली. मी जिन्याने निघालो. चौथ्या मजल्याच्या वळणावर पायरीवर मानसी बसलेली, लॅपटॉपची बॅग मांडीवर, चेहरा उतरलेला.

"काय झालं? लिफ्ट चालू आहे की," मी म्हटलं.

"माहीत आहे, काका. मी चढूनच येते. महिना झाला."

"का?"

तिने माझ्याकडे असं बघितलं की उत्तर द्यायची गरज नव्हती. तरी तिने दिलं. "घरात सासूबाई दिवसातून एकदा ओरडतात, ते चालतं. मनात काही ठेवत नाहीत त्या. पण लिफ्टमध्ये मला चार वेळा ओरडा बसतो. जाताना आत शिरताना, बाहेर पडताना, येताना परत दोनदा. आणि सोबत शेजारी असतात. त्यांना माहितीये ते कुणाला आहे. 'मानसी, तेरे मायके में दरवाजा नहीं था क्या?' प्रेमानेच विचारतात हो. पण रोज?" मग जरा थांबून म्हणाली, "आणि मला चढायला मनाई आहे, म्हणून प्रत्येक मजल्यावर बसते."

"मनाई?"

तिने आवाज खाली आणला. "तीन महिने झाल्याशिवाय कुणाला सांगायचं नसतं ना. मागच्या वेळी सगळ्यांना लगेच सांगितलं, पेढे वाटले, आणि मग राहिलं नाही. या वेळी फक्त नितीनला माहिती आहे. अजून पंधरा दिवस आहेत. तुम्ही कुणाला बोलू नका."

मी तिच्या शेजारी पायरीवर बसलो. माझ्या हातातल्या पिशवीतून पाणी ठिबकत होतं. तिने पिशवी ओळखली. "बाबा आले होते? कुठे आहेत?"

काय झालं ते मी सांगितलं. ती रडली. लिफ्टच्या बाबतीत मला सगळं कळतं असं मी तोवर समजत होतो.

थांबत थांबत आम्ही सहाव्यावर पोचलो. काकू दारातच. "एवढा उशीर? आणि ही कोलंबी कुणी आणली?"

"बाबा आले होते," म्हणून मानसी आत गेली.

"मग व्याही वर का नाही आले?" काकूंनी मला विचारलं.

पोटातलं गुपित मी पोटात ठेवलं, पण एवढं मी बोललो, "काकू, त्यांना लिफ्टने विचारलं, माहेरी दारं नव्हती का."

काकू पुटपुटल्या, "मी त्यांना नव्हतं रे म्हटलं..." आणि वाक्य अर्धंच सोडलं. कुणाला म्हटलं होतं ते आत मोरीपाशी हात धुताना दिसत होतं. एक हात नळाखाली, एक कमरेवर. काकूंनी चाळीत शेजारणींची दोन बाळंतपणं काढली होती. त्यांची नजर त्या कमरेवरच्या हातावर अडकली. मग लिफ्टपाशी गेल्या, बटण दाबलं, लिफ्ट आली, दार उघडलं. शंभर वेळा कौतुकाने ऐकलेला स्वतःचा आवाज त्यांनी पुन्हा एकदा पुरता ऐकला.

"काढ हे," त्या म्हणाल्या.

"कमिटीला विचारावं लागेल."

"आवाज माझा आहे. काढ."

मी काढला. पुढच्या दोन दिवसांत सात-आठ इमारतींतून तो काढून घेतला. "तांत्रिक बिघाड" एवढंच सांगितलं, त्यावर कुणी प्रश्न विचारत नाही. तिसऱ्या दिवसापासून दारं पुन्हा उघडी राहायला लागली, आणि जयेशभाईंचे फोन सुरू. नवीन आवाज तरी द्या.

मी पुन्हा मोबाइल घेऊन काकूंकडे. या वेळी साधी साडी. काकूंनी बरंच करून पाहिलं, पण ओरडायची धारच गेलेली. "दार लावा हो" म्हणायच्या आणि थांबायच्या. म्हणाल्या, "समोर कुणी दिसल्याशिवाय मला ओरडता येत नाही, आणि आता कुणी दिसलं की ओरडावंसं वाटत नाही." तेवढ्यात लिफ्ट आली. मानसी होती, आता लिफ्टनेच येणारी. ती जाळी लावायला मागे वळली, तशा काकू खुर्चीवरून उठून धावल्या. "अगं राहू दे, राहू दे! सावकाश ये गं बाई. घाई नाही काही. दार मी लावते!"

मानसी जागच्या जागी उभी राहिली. पंधरा दिवस व्हायला अजून सहा दिवस होते. दोघींनी एकमेकींकडे बघितलं, आणि काकूंनी पुढे होऊन जाळी ओढली. मी माझा मोबाइल बघत बसलो, बघण्यासारखं त्यात काही नसताना. तो चालू होता.

"झालं का?" डोळे पुसत काकूंनी विचारलं.

"झालं, पण हे चालणार नाही. यात दार लावा असं कुठे आहे?"

"हेच लाव," काकू म्हणाल्या.

माझ्या चौतीस वर्षांच्या नोकरीत मी समजून उमजून केलेली ही एकमेव चूक. 'दार मी लावते' असं लिफ्टच सांगतेय म्हटल्यावर लोकांनी दाराला हात लावायचंच सोडलं. "सावकाश ये गं बाई, घाई नाही काही, दार मी लावते." सगळे सावकाश बाहेर पडायचे आणि घाई न करता घरी जायचे. यानेच लिफ्ट अडते हे जयेशभाईंना कळायचं, तरी बदला म्हणाले नाहीत. एकदा म्हणाले, "दुकानातून दमून येतो, ते ऐकून जरा बरं वाटतं." दुसऱ्या मजल्यावरची ती चार मुलं तर मुद्दाम दोनदा दार उघडायची.

मी निवृत्त व्हायच्या आठवड्यात तिथून शेवटचा फोन आला. लिफ्ट तळमजल्यावर अर्धा तास अडकलीय. मी हत्यारांची पेटी उचलून गेलो. दार सताड उघडं. दारात मुर्ध्याचे आजोबा, कडेवर वर्षाची नात, हातात ओली पिशवी. वरच्या मजल्यांवरून लोक घसा फाटेस्तोवर ओरडत होते, "अरे, दरवाजा बंद करो!"

"आजोबा, दार लावा की. सगळे खोळंबलेत," मी म्हटलं.

"कसा लावू?" ते अगदी शांतपणे म्हणाले. "विहीणबाई बोलल्या ना, दार मी लावते. आता आपन लावला तर त्यांचा मान न्हाय ऱ्हायचा."

मी पेटी खाली ठेवली आणि त्यांच्या शेजारी उभा राहिलो. जिन्यावरून काकूंच्या चपलांचा आवाज यायला लागला होता.